कोकणात फिरायला जाताना लहान मुलांचे दूध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुहागर तालुक्यातील आमच्या घरगुती निवासात खोली नोंदवणाऱ्यांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात : समुद्र किती लांब आहे आणि मासे मिळतील का. सोबत वर्ष-दोन वर्षांचे मूल असले की तिसरा प्रश्न दुधाचा येतो, आणि त्याचे उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता येत नाही. पुन्हा पुन्हा येणारे असे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे एक ते तीन वर्षांच्या, एरवी निरोगी असलेल्या मुलांना धरून लिहिली आहेत. वर्षाच्या आतील बाळांसाठी प्रश्न ११ पाहावा. मुलावर एखाद्या आजारासाठी उपचार चालू असतील, तर त्याच्या डॉक्टरांचा शब्द अखेरचा मानावा.

१. कोकणात पिशवीचे दूध मिळते का, की सगळे मुंबई-पुण्याहूनच न्यावे लागते?

मिळते. चिपळूण, दापोली, गुहागर, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले या गावांत ते रोज मिळते, आणि किनाऱ्यावरील लहान वाड्यांजवळही एखाद्या किराणा दुकानात सकाळी पिशव्या येतात. मात्र येथे एक गोष्ट समजून घेतली, तर पुढची निम्मी उत्तरे आपोआप कळतील. कोकण हा मुळात दुधाचा मुलूख नाही. कातळाची जमीन, डोंगरउतार, पावसाळा सरल्यानंतर ओल्या चाऱ्याची टंचाई आणि ‘कोकण कपिला’सारखी लहान चणीची, काटक पण थोडे दूध देणारी गाय, अशी येथली परिस्थिती आहे. त्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गातील पिशवीचे बरेचसे दूध घाटावरून येते. गोकुळ आणि वारणा हे संघ कोल्हापूर जिल्ह्यातील आहेत. कुंभार्ली, आंबा, फोंडा असे घाट उतरून दुधाचे टेम्पो तालुक्याच्या गावी पोहोचतात आणि तेथून दुसऱ्या लहान गाडीने ते किनाऱ्यापर्यंत येते. म्हणून दुकानदाराला ‘कोणत्या कंपनीचे आहे?’ असे विचारण्यापेक्षा ‘आज किती वाजता आले आणि आल्यापासून कुठे ठेवले होते?’ असे विचारणे अधिक उपयोगाचे असते.

बहुतेक ठिकाणी दूध सकाळी लवकर येते आणि नऊ-दहापर्यंत संपते. दुपारी एक ते चार या वेळात निम्मी दुकाने बंद असतात. संध्याकाळी मिळते ते सकाळचेच उरलेले असते. मुक्कामाला पोहोचण्याच्या आदल्या दिवशी यजमानांना फोन करून रतिबाच्या दुधात आपले अर्धा लिटर धरायला सांगावे, ही सर्वांत सोपी व्यवस्था आहे.

२. या वयाच्या मुलाला दिवसाला नेमके किती दूध लागते? किती सोबत घ्यावे?

वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर दूध पुरते, आणि त्यात दही, ताक, खीर यांतील दूधही धरायचे असते. या वयात मुलाला दिवसाला सुमारे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते आणि १०० मिलिलिटर गाईच्या दुधातून साधारण १२० मिलिग्रॅम मिळते, एवढा हिशेब केला तरी हा आकडा पटतो. याहून पुष्कळ जास्त दूध पिणारी मुले जेवत नाहीत, आणि दुधात लोह जवळजवळ नसल्याने अशा मुलांत रक्तक्षय आढळतो. चार दिवसांच्या सहलीसाठी दोन लिटर दूध पुरेसे असते. आमच्याकडे दोन दिवसांसाठी सहा लिटरचा खोका घेऊन आलेले पाहुणेही पाहिले आहेत. त्यांतील चार लिटरचा चहा झाला.

३. पिशवीवर ‘टोन्ड’, ‘स्टँडर्डाइज्ड’, ‘फुल क्रीम’ असे लिहिलेले असते. मुलासाठी कोणते घ्यावे?

फरक स्निग्धांशाचा आहे. देशातील मानकांनुसार फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के, स्टँडर्डाइज्ड दुधात ४.५ टक्के, टोन्ड दुधात ३ टक्के आणि डबल टोन्ड दुधात १.५ टक्के स्निग्धांश असतो. दोन वर्षांखालील मुलाला डबल टोन्ड किंवा साय पूर्ण काढलेले दूध देऊ नये, कारण या वयात वाढीसाठी आणि मेंदूसाठी स्निग्ध पदार्थ आवश्यक असतात. बाकी तिन्ही चालतात, आणि घरी जे पचते तेच येथे घ्यावे.

‘आम्ही निळी पिशवी घेतो’ असे दुकानात सांगू नये. पिशवीचे रंग प्रत्येक संघाचे वेगळे असतात. मुंबईतील निळी आणि येथली निळी एकच असेल असे नाही. पिशवीवरचे शब्द आणि तारीख वाचावी.

४. पिशवीचे दूध पाश्चराइज्ड असते. मग ते पुन्हा उकळायचे का?

पाश्चरीकरणात दूध साधारणपणे ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवून लगेच थंड करतात. त्यात रोग पसरवणारे जिवाणू मरतात, पण सगळे जिवाणू मरत नाहीत; म्हणून ते दूध पुढे सतत थंड राहणे हा त्या प्रक्रियेचाच भाग असतो. शहरात शीतकपाटातून घेतलेली पिशवी न उकळता वापरता येते. प्रश्न १ मध्ये सांगितलेला प्रवास करून आलेली पिशवी मात्र, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, उकळूनच घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याला कारणही घडले आहे. एका मे महिन्यात पाहुण्यांच्या मुलीसाठी दुपारी जवळच्या दुकानातून पिशवी आणली. हाताला ती गार लागत होती आणि तारीखही त्याच दिवसाची होती. पातेले गॅसवर ठेवल्यावर चार-पाच मिनिटांत कडेने रव्यासारखे बारीक कण दिसू लागले, मग मधोमध हिरवट पाणी सुटले आणि पाहता पाहता सगळे दूध नासले. पहाटे वीज गेली होती आणि पिशव्या बराच वेळ क्रेटमध्ये उघड्यावर पडून होत्या, हे नंतर समजले. नासणाऱ्या दुधाने निदान स्वतःची स्थिती सांगितली. तेच दूध न उकळता बाटलीत ओतले असते, तर ते मुलीच्या पोटात गेले असते.

तेव्हापासून आम्ही पिशवी फोडल्यावर पळीभर दूध आधी लहान भांड्यात उकळून पाहतो. ते फाटले नाही तर बाकीचे दूध ढवळत उकळावे, उकळी फुटल्यावर आच मंद करून मिनिटभर ठेवावे आणि पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववावे. निवलेले दूध लगेच फ्रिजमध्ये ठेवावे. प्रत्येक वेळी सगळे दूध पुन्हा उकळण्याची गरज नसते. लागेल तेवढेच वाटीत काढून कोमट करावे.

५. टेट्रा पॅकचे दूध इतके दिवस टिकते, म्हणजे त्यात काहीतरी घातलेले असणार ना?

टिकण्यासाठी त्यात काही घालावे लागत नाही. हे दूध १३५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाला काही सेकंद तापवतात आणि कागद, प्लास्टिक व ॲल्युमिनियम यांचे थर असलेल्या निर्जंतुक खोक्यात हवा लागू न देता भरतात. आत जिवंत जिवाणू नसतात आणि बाहेरचे शिरू शकत नाहीत, म्हणून न उघडलेले खोके फ्रिजशिवाय काही महिने टिकते. प्रवासासाठी आमच्या मते यासारखी दुसरी सोय नाही. ते उकळण्याचीही गरज नसते. खोके उघडावे आणि हवे तर कोमट करून द्यावे.

उघडल्यावर मात्र ते साध्या दुधासारखेच नाशिवंत होते. उरलेले लगेच फ्रिजमध्ये ठेवून खोक्यावर दिलेल्या मुदतीत, बहुधा दोन-तीन दिवसांत, संपवावे. फ्रिजचा भरवसा नसेल तर लिटरच्या खोक्याऐवजी २०० मिलिलिटरची लहान खोकी घ्यावीत. लहान खोकी घेताना ती साध्या दुधाचीच आहेत ना, हे पाहावे, कारण त्याच आकारात साखर आणि स्वाद घातलेली दुधे शेजारीच मांडलेली असतात. फुगलेले, गळणारे किंवा कोपरा चेपून चीर गेलेले खोके टाकून द्यावे. तालुक्याच्या गावी टेट्रा पॅक सहज मिळतो. किनाऱ्यावरील शेवटच्या दुकानात मिळेलच असे नाही, म्हणून चिपळूण किंवा दापोली सोडण्यापूर्वी तो घेऊन ठेवावा.

६. आमची मुलगी टेट्रा पॅकच्या दुधाचा पहिलाच घोट थुंकते. काय करावे?

जास्त तापमानाला तापवल्यामुळे या दुधाला किंचित आटीव चव येते आणि काही मुलांना ती लगेच जाणवते. प्रवासाच्या आठ दिवस आधी घरच्या दुधात ते थोडे थोडे मिसळायला सुरुवात करावी आणि प्रमाण हळूहळू वाढवत न्यावे. ही सवय ऐनवेळी लागत नाही. चव लपवण्यासाठी साखर किंवा चॉकलेटची पूड घालू नये; घरी परतल्यावर मुलगी साध्या दुधालाही तेच मागते.

७. गावात घरची गाय आहे. धार काढल्याबरोबर दूध दिले तर चालते का? आजी म्हणतात, धारोष्ण दूधच बाळसे आणते.

आजींनी प्रेमाने सांगितलेले असले, तरी लहान मुलाला कच्चे दूध देऊ नये. दिसायला धडधाकट असलेल्या गाई-म्हशींच्या दुधातूनही ब्रुसेलोसिस आणि क्षयासारखे आजार होऊ शकतात, शिवाय कास, हात आणि भांडे यांवरून शेण-मातीतले जिवाणू दुधात उतरतात. पूर्वी सगळेच असे पीत, हे खरे. पूर्वी वर्षाच्या आत किती मुले जात, हेही आजींनाच विचारावे.

उकळल्यावर मात्र घरच्या गाईचे ताजे दूध उत्तम असते, आणि पाहुणे म्हणून गेलेल्या घरी तसे मिळाले तर पिशवीच्या मागे लागू नये. गवळ्याचे सुटे दूध घेणार असाल, तर ते कधी काढले हे विचारावे आणि आणल्याबरोबर उकळावे. उकळण्याची पद्धत प्रश्न ४ प्रमाणेच आहे. नुकत्याच व्यालेल्या गाईच्या चिकाचा खरवस मुलाने आवडीने खाल्ला तर वर्षानंतर चालतो, फक्त तो नीट शिजलेला असावा आणि चव पाहण्यापुरताच असावा, कारण त्यात गूळ-साखर बरीच असते.

८. म्हशीचे दूध जड पडते, म्हणून पाणी घालून द्यावे का?

वर्षानंतर दुधात पाणी घालण्याची गरज नसते. पाण्याने स्निग्धांशाबरोबर प्रथिने आणि कॅल्शियमही पातळ होतात, मुलाचे पोट भरते पण पोषण घटते. शिवाय घातलेले पाणी न उकळलेले असेल, तर आजाराला आपणच वाट करून दिल्यासारखे होते. म्हशीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा जवळजवळ दुप्पट स्निग्धांश असतो, त्यामुळे सवय नसलेल्या मुलाला दोन दिवस पोट जड वाटू शकते. अशा वेळी दूध उकळून निववावे आणि वर आलेली साय थोडी काढून द्यावे.

९. मुंबईहून सहा-सात तासांचा प्रवास आहे. उकळलेले दूध थर्मासमध्ये भरून घेतले तर चालेल ना?

या यादीतील सर्वांत जास्त वेळा आलेला आणि सर्वांत जास्त चुकीच्या पद्धतीने सोडवला जाणारा प्रश्न हाच आहे. थर्मासमधले दूध हळूहळू कोमट होते आणि पुढे बराच वेळ कोमटच राहते. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा टप्पा जिवाणूंच्या वाढीला सोयीचा असतो, आणि काही जिवाणूंचे बीजाणू उकळण्यातूनही वाचतात. म्हणजे आपण दूध जपले असे वाटत असताना प्रत्यक्षात त्याला विरजणासारखी ऊब दिलेली असते.

थर्मास दुधासाठी न वापरता पाण्यासाठी वापरावा. त्यात उकळते पाणी भरावे, दुधाची लहान खोकी वेगळी ठेवावीत, आणि वेळ झाली की खोक्यातील दूध स्टीलच्या पेल्यात ओतून तो पेला गरम पाण्याच्या वाटीत दोन-तीन मिनिटे धरावा. कोकण रेल्वेच्या गाडीतही हे सहज जमते, फक्त गरम पाण्याची वाटी मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. पुष्कळ मुले तर साध्या तापमानाचे दूध मुकाट्याने पितात. कोमट हवे हा आग्रह अनेकदा आपलाच असतो.

घरचेच दूध न्यायचे असेल, तर ते उकळून फ्रिजमध्ये पूर्ण गार करावे आणि बर्फाच्या पिशव्या घातलेल्या बंद डब्यातून न्यावे. दाभोळ-धोपावे किंवा तवसाळ-जयगड अशा फेरीबोटीने खाडी ओलांडणार असाल, तर गर्दीच्या दिवसांत धक्क्यावर उन्हात थांबण्याचा वेळही हिशेबात धरावा. एक फेरी चुकली की पुढच्या फेरीपर्यंत थांबावे लागते, आणि तोवर डब्यातला बर्फ वितळत असतो.

१०. खोलीत फ्रिज नाही, किंवा आहे पण वीज सारखी जाते. मग?

न उघडलेल्या टेट्रा पॅकवर भिस्त ठेवावी (प्रश्न ५). घरगुती निवासात यजमानांच्या स्वयंपाकघरातील फ्रिजमध्ये एखादे भांडे ठेवायला कोणी नाही म्हणत नाही, मात्र तेथे मासेही असतात, म्हणून घट्ट झाकणाचा डबा सोबत आणावा. वीज गेल्यावर फ्रिजचे दार उघडले नाही, तर आतला गारवा सुमारे चार तास टिकतो. त्यापुढे दूध उकळून, तपासून लगेच संपवावे किंवा टाकून द्यावे. उकळलेले दूध खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये; मे महिन्यातील दुपारी तर एक तासही पुष्कळ झाला. रात्रीचे दूध उशाशी झाकून ठेवून पहाटे देण्याची पद्धत समुद्रकाठच्या दमट हवेत सोडून द्यावी. मूल उठले तर पाणी द्यावे.

११. आमचे बाळ नऊ महिन्यांचे आहे. त्याला ही उत्तरे लागू होतात का?

बहुतेक होत नाहीत. वर्ष पूर्ण होईपर्यंत मुख्य पेय आईचे दूध किंवा डॉक्टरांनी सांगितलेले फॉर्म्युला दूध हेच असावे. गाई-म्हशीचे दूध त्याची जागा घेऊ शकत नाही. फॉर्म्युला देत असाल, तर संपूर्ण सहलीला पुरेल एवढी पावडर आणि त्याच डब्यातला चमचा घरून न्यावा. खेड्यातील औषधाच्या दुकानात एखादाच प्रकार असतो, तोही दुसऱ्या वयोगटाचा असू शकतो, आणि प्रवासात फॉर्म्युला बदलणे शहाणपणाचे नाही.

पावडर निर्जंतुक नसते, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. म्हणून पाणी खळखळून उकळावे, अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ते ७० अंशांच्या खाली जाण्यापूर्वी, त्यात पावडर मिसळावी, मग भांडे थंड पाण्यात धरून पिण्याजोगे निववावे. तयार दूध दोन तासांत संपवावे आणि बाळाने तोंड लावलेले उरले तर टाकून द्यावे. पाणी विहिरीचे असो वा बाटलीचे, उकळावेच.

१२. दुकानात दूध संपले होते, पण दुधाची पावडर होती. ती चालेल का?

पाकीट उलटून घटक वाचावेत. छोट्या दुकानांत ‘दुधाची पावडर’ म्हणून मिळते ती बहुधा चहासाठीची डेअरी व्हाइटनर असते आणि तिच्यात साखर मिसळलेली असते. एखाद्या दिवशी दोन वर्षांच्या मुलाच्या लापशीत चमचाभर पडली तर बिघडत नाही, पण पेलाभर दूध म्हणून ती देऊ नये. डब्यातले घट्ट गोड दूध मुलाच्या पेयासाठी अजिबात वापरू नये. ‘होल मिल्क पावडर’ असे लिहिलेले आणि साखर नसलेले पाकीट मिळाले, तर पाकिटावरील प्रमाणात उकळलेल्या पाण्यात कालवून वर्षापुढील मुलाला देता येते.

१३. येथे नारळ मुबलक आहे. नारळाचे दूध गाईच्या दुधाऐवजी देता येईल का?

नाव दुधाचे असले तरी तो नारळाचा रस आहे. त्यात स्निग्धांश भरपूर असतो. कॅल्शियम आणि प्रथिने मात्र गाईच्या दुधाच्या तुलनेत फारच कमी असतात. जेवणात तो अवश्य द्यावा : मऊभातावर, खिरीत किंवा घावनासोबतच्या गोड रसात. दुधाला पर्याय म्हणून तो धरू नये. सोलकढी मिरची-लसणाशिवाय काढून ठेवायला सांगितली, तर दोन-चार चमचे मुलेही आवडीने पितात. शहाळ्याचे पाणी चांगलेच आहे, पण तेही दूध नव्हे.

१४. मुलाला दूध सोसत नाही. त्याला बकरीचे किंवा ‘ए टू’ दूध द्यावे का?

आधी ‘सोसत नाही’ म्हणजे काय, हे ठरवावे लागते, कारण त्या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचल्याने पोट फुगणे आणि पातळ शौचास होणे ही एक. अशा मुलांना दही बऱ्याचदा चालते. दुसरी म्हणजे दुधातील प्रथिनांची ॲलर्जी. तिच्यात अंगावर गांधी उठणे, ओठ-डोळे सुजणे, उलट्या होणे, क्वचित श्वास लागणे असे घडते, आणि तेथे दहीही चालत नाही.

ॲलर्जी असलेल्या मुलाला बकरीचे दूध देऊ नये. त्यातील प्रथिने गाईच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेक मुलांना तीच प्रतिक्रिया येते. ‘ए टू’ दूधही गाईचेच असते, तेव्हा ते सुरक्षित ठरत नाही. डॉक्टरांनी सोयाचे किंवा खास फॉर्म्युला दूध सांगितले असेल, तर त्याचा पूर्ण साठा घरून आणावा, कारण किनाऱ्यावर ते मिळण्याची आशा धरता येत नाही. जेवण सांगतानाच यजमानांना स्पष्ट कल्पना द्यावी. ‘दूध नको’ एवढे सांगितले तर स्वयंपाकघरात त्याचा अर्थ पेलाभर दूध नको असा होतो. तूप, लोणी, दही, ताक आणि खीर ही नावे एक एक करून सांगावीत. श्वास लागला किंवा चेहरा सुजला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सर्वांत जवळचा दवाखाना कोणता हे पोहोचल्या दिवशीच विचारून ठेवावे.

१५. दुपारी मासे खाल्ले आणि नंतर दूध प्यायले तर अंगावर कोड येते, हे खरे आहे का?

कोड हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्याने होणारा विकार आहे आणि मासे व दूध एकत्र खाण्याने तो होतो, याला आधुनिक वैद्यकात आधार नाही. आयुर्वेदात मासे आणि दूध हा विरुद्ध आहार मानला आहे आणि कोकणातील पुष्कळ घरांत तो नियम पाळतात. तुम्ही ज्यांच्याकडे उतरला आहात, त्या काकू मासे वाढताना दुधाचा पेला बाजूला सरकवतील, तर वाद घालू नये. दूध झोपण्यापूर्वी दिले तरी मुलाचे काही अडत नाही.

एक व्यावहारिक सूचना मात्र द्यावीशी वाटते. मुलाला पहिल्यांदा कोलंबी किंवा तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) चाखवणार असाल, तर त्याच दिवशी नव्या कंपनीचे दूध किंवा दुसरा नवा पदार्थ देऊ नये. गांधी उठली तर दोष कोणाचा, हे कळणार नाही.

१६. मी दीड वर्षाच्या मुलाला अजून अंगावर पाजते. मग वेगळे दूध न्यावे का?

दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही आई व मुलाला हवे तोवर स्तनपान चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि प्रवासात तर त्यासारखी सोय नाही. वेगळे दूध थोडेसेच लागेल. आईने पाणी, ताक, पेज भरपूर घ्यावी, कारण दमट उन्हात घाम फार जातो. दूध काढून ठेवणार असाल, तर २५ अंशांपर्यंतच्या तापमानाला चार तासांची मर्यादा सांगितली जाते. कोकणातील दुपार त्याहून गरम असते, म्हणून काढलेले दूध लगेच फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या डब्यात ठेवावे.

१७. सहलीत जुलाब सुरू झाले. दूध बंद करावे का?

स्तनपान कधीही थांबवू नये. एरवीचे दूध आणि अन्नही सहसा चालू ठेवतात. मूल मागेल तेवढे, थोडे थोडे द्यावे. दही-भात, पेज, केळे हे पदार्थ बरे पडतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ओआरएस : पाकिटावर एक लिटर लिहिले असेल तर पूर्ण लिटरभर उकळून निवलेल्या पाण्यात पूर्ण पाकीट मिसळावे, अर्धे पाकीट अंदाजाने पेल्यात टाकू नये, आणि तयार पाणी चोवीस तासांनी ओतून द्यावे. दुकानातील गोड, रंगीत खोकी म्हणजे ओआरएस नव्हे. झिंकची मात्रा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावी. मूल सुस्त पडले, लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसले किंवा पाणीही पोटात ठरेना, तर वाट पाहू नये.

बाटली आणि तिचे बूच हेच अनेकदा दुखण्याचे मूळ असते. वर्षापुढील मुलाला वाटी-चमचा किंवा साधा पेला द्यावा. झडपेच्या पेल्यात किनाऱ्यावरची वाळू एकदा शिरली की ती निघता निघत नाही.

१८. आम्ही गणपतीत किंवा भर पावसात येणार आहोत. काही वेगळे करावे लागेल का?

गणपतीत चाकरमानी येतात, घरोघरी नैवेद्याची खीर होते आणि रोजचेच टेम्पो दुप्पट माणसांना पुरवावे लागतात, त्यामुळे सकाळी सातनंतर दुकानात पिशवी उरत नाही. मुसळधार पावसात घाटात दरड कोसळली, की एखाद्या दिवशी दूध येतच नाही. या दिवसांत निदान दोन दिवसांचे टेट्रा पॅक राखीव ठेवावेत आणि आधीच्या मुक्कामावर संपवू नयेत.

१९. सगळे करूनही दोन दिवस दूध मिळाले नाही, तर मुलाचे काय?

जेवणारे, निरोगी मूल दोन दिवस दुधाशिवाय राहिले तर काहीही बिघडत नाही. गावात दूध संपले तरी कोणाच्या तरी घरी विरजण असतेच. वाटीभर दही मागून घ्यावे. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. त्यातले सगळे अंगी लागत नाही आणि मुलाच्या वाटीत जेमतेम २० ग्रॅम पीठ जाते, तरीही नाचणीची आंबील किंवा गूळ घालून केलेले सत्त्व ही येथली भरवशाची सोय आहे. त्याच्या जोडीला उकड्या तांदळाची पेज, अंडे, मऊ शिजवलेली मुगाची डाळ आणि काटे काढलेला मासा द्यावा.

झोपताना दुधाचा पेला हातात लागतो म्हणून रडणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी; तेथे भूक नसते, सवय असते. त्याच पेल्यात कोमट पाण्यात कालवलेले पातळ सत्त्व दिले, तर पहिल्या रात्री ते पेला ढकलून देते. दुसऱ्या रात्री, दिवसभर पाण्यात खेळून दमलेले असेल, तर निम्मा पेला पिऊन तसेच झोपी जाते.